मावशी तांबड्या पट्ट्यात का जात नाही

मावशीची नोकरी तक्रारी ऐकण्याची. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती तेवीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसत आली होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच या वेळात सत्तरएक माणसं तिच्यावर ओरडत. कुणाचं मशीन पाणी घेत नसे, कुणाचं घेतलेलं सोडत नसे, कुणाच्या मशीनने नवऱ्याचे पांढरे शर्ट गुलाबी केलेले असत. मग नवऱ्याचा राग बायकोवर, बायकोचा मशीनवर आणि मशीनचा मावशीवर. वड्याचं तेल वांग्यावर निघायला शेवटी एक वांगं लागतंच, आणि त्या कामाचा मावशीला पगार मिळे. ती कधी आवाज चढवत नसे. पण घरी आल्यावर तिला दारावरची बेलसुद्धा तक्रार करतेय असं वाटे.

चार वर्षांपूर्वी भाचीने तिला अवकाशातला एक खेळ लावून दिला. भाची फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायची आणि संध्याकाळी या खेळात लोकांची यानं फोडायची. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी खेळत. त्यातल्या अवकाशाचे दोन पट्टे होते. हिरव्या पट्ट्यात कुणाची बंदूकच चालत नसे. तांबड्या पट्ट्यात कुणीही कुणालाही उडवावं आणि त्याचा माल घेऊन चालू लागावं. त्यामुळे तिथे मालाला भाव दसपट. यान उडालं की माणूस हिरव्या पट्ट्यातल्या ठाण्यावर पुन्हा जन्म घेई आणि त्याला एक फुकटचं, डबड्याएवढं यान मिळे.

मावशीने पोट सुटलेलं एक मालवाहू यान घेतलं आणि ती बर्फ वाहू लागली. धूमकेतूच्या कडेला जायचं, बर्फ तोडायचा, ठाण्यावर आणून टाकायचा. एक खेप बावीस मिनिटांची. शेजारी दुसरी यानं बर्फ तोडत असत, पण कुणी कुणाशी बोलत नसे. चार वर्षांत मावशीने तांबड्या पट्ट्यात पाऊल टाकलं नाही.

भाचीला हे काही केल्या पटेना. खरी मजा तिकडेच आहे, इकडे तुम्ही नुसते मजूर आहात, असं ती दर रविवारी ऐकवी. एकदा तर तिने ठाण्यावरच्या फळ्यावर सगळ्यांना जाहीर प्रश्न विचारला, की तुम्ही तांबड्यात का येत नाही? एका सुताराने लिहिलं, की बनवायला आठ महिने आणि मोडायला एक क्षण, एवढं माझ्या धंद्यात मी बघतोच. एका भूलतज्ज्ञ बाईंनी लिहिलं, की दिवसभर लोक माझ्या भरवशावर झोपतात, संध्याकाळी मला दगड फोडू द्या. तिसऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं, की मेल्यावर लोक हसतात त्याची लाज वाटते. मावशीने एकच शब्द लिहिला: ‘गुडघे.’ गुडघे हा भाचीचा धंदा असल्यामुळे ती दोन दिवस घुश्शात होती.

पण एका रविवारी सकाळी तिचाच फोन आला. तिच्या टोळीची कर्दनकाळ नावाच्या चाच्याशी लढाई ठरली होती, बर्फाशिवाय यानांची इंजिनं तापत होती, आणि त्यांच्या मालवाहूवाल्याची बायको नेमकी बाळंत व्हायला गेली होती. एकच खेप, मावशी. आम्ही आहोत ना.

मावशीला बहीण एकच आणि त्या बहिणीला मुलगी एकच. नाही म्हणवेना. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, स्वभावाने शांत. त्याने उठून दाराला आतून कडी घातली, जणू चाचे जिन्यानेच वर येणार होते, आणि डोळ्याला भिंग लावून तो तिच्या शेजारी येऊन बसला.

तांबड्या पट्ट्यात शिरून चार मिनिटं झाली असतील नसतील, तोच चौदा काळ्या यानांनी तिला घेरलं. भाचीची टोळी अजून दोन वळणं लांब होती. कर्दनकाळची एक पद्धत होती. तो उडवण्याआधी माईक चालू करी आणि समोरच्याला गयावया करायला लावी. तशी कानात खरखर झाली आणि एक घोगरा आवाज म्हणाला, “बोल. शेवटचं काय बोलायचंय ते बोल.”

मावशीचं डोकं रिकामं झालं. आणि रिकाम्या डोक्यातून तेवीस वर्षांची सवय आपोआप बाहेर पडली.

“नमस्कार,” ती म्हणाली. “तक्रार विभागात आपलं स्वागत आहे. आपल्या मशीनला काय त्रास आहे?”

चौदा यानांच्या तोफा रोखलेल्या होत्या. नवऱ्याने भिंग काढून पुसलं.

“चालतं,” शेवटी कर्दनकाळ म्हणाला. आवाजातला घोगरेपणा निम्म्याने कमी झाला होता.

“मग तक्रार काय?”

“हीच. चालतं. कपडे पिळायला लागलं की न्हाणीघरातून निघतं आणि चालत दारापर्यंत येतं. आठ महिने झाले. आई त्याला घाबरते. मी त्यावर बसून राहतो.”

मावशीने विचारलं, की मशीन आलं तेव्हा मागच्या बाजूचे चार लांब बोल्ट कुणी काढले होते का? ते फक्त वाहतुकीपुरते असतात. कर्दनकाळ उठून गेला. यान तसंच तोफा रोखून उभं. साडेसहा मिनिटांनी तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. बोल्ट होते. चारही होते. त्याने आता काढले होते, मशीन चालू करून पाहिलं होतं, आणि ते जागच्या जागी, गरीब गाईसारखं फिरत होतं.

“मॅडम,” तो म्हणाला.

तेवढ्यात दुसऱ्या काळ्या यानातून कुणीतरी विचारलं, की आमच्या मशीनचं झाकण धुऊन झाल्यावर अर्धा तास उघडत नाही, त्याचं काय? मग तिसरा. चौथ्याकडे मशीनच नव्हतं. त्याच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी बूट घालून फिरायचा. मावशीने त्याचीही तक्रार ऐकून घेतली, कारण फोन आपल्याकडून ठेवायचा नाही हा नियम होता. भाचीची टोळी तोफा सज्ज करून पोचली, तेव्हा त्यांना शत्रू एका रांगेत उभा दिसला. पाच मिनिटं त्यांनी वाट पाहिली. मग त्यांच्यातलाच एक जण, भाचीचा उजवा हात समजला जाणारा, हळूच जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याचे वडील तीन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते. दोघांनी मध्येच घुसायचा प्रयत्न केला तेव्हा लढाई पेटणार अशी चिन्हं होती, पण कर्दनकाळने सगळ्यांना क्रमांक वाटले आणि ती टळली.

दुपारी दीड वाजता मावशीची सुटका झाली. संध्याकाळी फळ्यावर दोन्ही टोळ्यांच्या सहीने जाहीर झालं, की तांबड्या पट्ट्यात मावशीच्या यानाला जो धक्का लावील त्याची गाठ सगळ्यांशी आहे. भाची आनंदाने वेडी झाली. असा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. नवराही दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला सांगू लागला, की आमची ही चाच्यांमध्ये फार वजन राखून आहे.

लोकाग्रहास्तव मावशी पुढच्या रविवारी पुन्हा गेली. तिला वाटलं, आता अभय आहे, बर्फ विकू आणि येऊ. वेशीच्या आत शिरते तो समोर साठ यानं. मागची वेस बघता बघता त्यांच्यातल्याच दुसऱ्या रांगेने बंद झाली. पहिल्याची सासू, दुसऱ्याची पाठ. तिसऱ्याला तक्रार अशी नव्हतीच, त्याला फक्त कुणीतरी ‘समजू शकते’ म्हणायला हवं होतं. तीन तास झाले. खेळ बंद करून उठावं, तर यान तिथेच राहणार आणि पुन्हा उघडलं की माणूसही तिथेच. कोठ्यातला बर्फ वितळून निम्मा झाला होता. शुक्रवारी ऑफिसातून निघताना जे डोकं दुखत होतं, तेच, त्याच जागी, डाव्या भुवईच्या वर दुखू लागलं होतं.

बाहेर पडायचा एकच मार्ग होता. तिने कर्दनकाळला सरळ सांगितलं, की मला उडव.

तो दुखावला. “काकू, काय बोलता? आईसमोर काय तोंड दाखवू मी?”

तिने दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणी तयार होईना. एकाने तर तिच्या यानाची डागडुजी करून दिली. भाचीला हाक मारली, तर भाची म्हणाली, मावशीवर गोळी झाडली तर आई मला घरात घेणार नाही.

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “अगं, तुला लोक रोज कशावरून शिव्या देतात?”

मावशीने घसा साफ केला, माईक जवळ ओढला आणि आपल्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाली, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत. कृपया प्रतीक्षा करा.” आणि ती गुणगुणू लागली. कंपनीच्या फोनवर वाजते ती धून, चार सुरांची, संपते तिथेच पुन्हा सुरू होणारी.

तीन मिनिटं साठ माणसांनी सभ्यपणे वाट पाहिली. मावशीने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, त्याच चढउतारांनी, आणि धून पहिल्यापासून घेतली. सहाव्या मिनिटाला कुणीतरी अत्यंत वाईट शिवी दिली. आठव्या मिनिटाला तिने सांगितलं, की आपण रांगेत एकोणसाठावे आहात. सगळ्यांनाच. अकराव्या मिनिटाला पहिली तोफ कुणाची सुटली ते कुणालाच सांगता आलं नाही. पण त्यानंतर साठही यानांनी मिळून जो भडिमार केला, तसा त्या खेळाच्या इतिहासात कुठल्या किल्ल्यावरही झाला नव्हता. भाचीनेही दोन गोळे टाकले. नंतर तिने कबूल केलं, की हात आपोआप गेला.

मावशी ठाण्यावर जन्मली. चार वर्षांची कमाई त्या यानातच घातलेली होती, ती गेली. हातात डबड्याएवढं यान होतं, आणि त्याचा एक दिवा लागत नव्हता. सुताराचं यान शेजारून बर्फ घेऊन गेलं. कुणी काही विचारलं नाही. नवरा म्हणाला, चहा टाकतो, आणि याही रविवारी घातलेली दाराची कडी काढून आत गेला.

डबड्यात बर्फाचे दोनच तुकडे मावत, त्यामुळे बावीस मिनिटांच्या खेपेला आता काही अर्थ नव्हता. तरी मावशी सोमवारी कामावरून आली आणि दोन खेपा करून उठली. भाचीने तिला नवं यान देऊ केलं, ते तिने घेतलं नाही. तांबड्याचं नाव मात्र भाचीने पुन्हा काढलं नाही. फक्त एकदा म्हणाली, “मला वाटायचं तू मरायला घाबरतेस.”

“मरायचं काय गं,” मावशी म्हणाली, “मरण सोपं आहे. तिकडे तांबड्यात माणसं असतात.”

पुढच्या गुरुवारी मावशी धूमकेतूच्या कडेला बर्फ तोडत होती, तेव्हा तोफांनी लगडलेलं एक काळं यान सावकाश येऊन तिच्या शेजारी थांबलं. मावशीचा हात माईक बंद आहे ना हे बघायला गेला. पडद्यावर कर्दनकाळची ओळ उमटली: ‘इथे जागा आहे का?’

मावशीने थोडा विचार केला आणि आपलं डबडं हातभर बाजूला घेतलं. कर्दनकाळला बर्फ तोडता येत नव्हता, पहिले तीन तुकडे त्याने अवकाशात घालवले. मावशीने ते पाहिलं, पण सांगितलं काही नाही. चौथा त्याला जमला.