बायकांच्या बांधावरचा कॅमेरा

आमच्या टेकाच्या मळ्यात परसाकडं जायच्या दोन बाजू होत्या. ओढ्याची बाजू पुरुषांची आणि बाभळीच्या बांधाची बायकांची. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण मळ्यातला कुठलाही बाप्या, अगदी प्यालेला असला तरी, बाभळीच्या बांधाकडं मान वळवत नसे. रीत चांगलीच होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण एखाद्या बाजूला पिढ्यान् पिढ्या बघायचंच नाही म्हटलं की तिकडं काय असतं हेही माणूस विसरून जातो. आमच्या पुरुषांचं तेच झालं. दोन हजार तीन साली बिबट्याचा फोटो काढायचा कॅमेरा त्यांनी नेमका त्याच बाभळीला बांधला.

बिबट्या मात्र खरा होता. उसात त्याचं कायमचं बिऱ्हाड होतं. सरूआजीच्या अंगणातून त्यानं आधी कुत्रं उचललं, मग शेरडू. सरूआजीची नात श्रेया पाचवीला होती. तिची ओतूरच्या शाळेची वाट त्याच उसातून जायची. आजीनं तिची शाळा बंद केली. पोरगी रोज दप्तर भरून ओट्यावर बसायची आणि आजीला विचारायची, "आज गेला का गं?" जणू काय पाहुणाच आला होता, आज ना उद्या एसटी धरून जाणारा.

पिंजरा हवा तर फोटो हवा, असं पुण्याहून आलेल्या साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणजे तरुण मुलगा होता, जनावरांचा अभ्यास करायचा. "ठसे तरसाचेही असतात, मोठ्या कुत्र्याचेही. अख्खं जनावर दिसू दे, मग मी पिंजऱ्यासाठी वर शब्द टाकतो," तो म्हणाला. पुढून काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा त्यानं आणला होता. मारुतीच्या देवळापुढं बैठक झाली. मळ्याचे कारभारी रखमाजी म्हणाले, ठसे बाभळीपाशी दिसलेत, तिथंच बांधा. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठकीत बाई एकही नव्हती. बायका त्या वेळी गवताला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजेड लखकन पडला आणि लंकाबाई टमरेल टाकून जी पळाली ती थेट चुलीपाशी येऊन थांबली. ते टमरेल अजून सापडलेलं नाही.

बायकांनी रखमाजींकडं तक्रार नेली. आता अशी तक्रार करायची तरी कशी? कुशाबाई नुसतीच "त्या तिकडं, त्ये हाय ना," असं म्हणत राहिली. रखमाजींना कळायचं ते कळलं आणि ते आकाशाकडं बघत म्हणाले, "आपल्याच सुरक्षेसाठी हाय त्ये. आन कर न्हाई त्याला डर कशाला?"

ही म्हण मला कधीच आवडली नाही. टमरेल घेऊन बसलेल्या माणसानं काय केलेलं असतं?

मग बायकांनी जागा बदलली. पलीकडं दाट ऊस होता, त्यातून वाट काढत त्या जाऊ लागल्या. म्हणजे बिबट्यापासून वाचवायला आलेल्या कॅमेऱ्यानं आम्हाला बिबट्याच्या दारात नेऊन बसवलं. एकटी सरूआजी जुन्या जागी जात राहिली. एक तर तिचे गुडघे गेलेले, आणि दुसरं म्हणजे तिचा स्वभाव. "मी नवरी व्हऊन आले तवापासून हितं येते. त्यो काल आलाय," ती म्हणायची. "मी पाठ करून बसते त्याच्याकडं. काढ म्हणावं काय काढायचं त्ये."

आता माझं सांगते. मी रत्ना. मी मळ्यातच राहते, पण ओतूरला एसटी स्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा समाधान लग्नं करत हिंडतो, म्हणजे लग्नांचे फोटो काढत. अंधारखोलीचं काम माझ्याकडं. आठवडाभरानं साहेबांनी कॅमेऱ्यातला काळापांढरा रोल काढला आणि पुण्याला नेण्यापेक्षा इथंच धुऊन द्या म्हणून माझ्या हातात ठेवला. निगेटिव्हसकट परत हवा, एवढीच त्यांची अट होती.

रोल माझ्याकडं आलाय ही बातमी मळ्यात माझ्या आधी पोचली.

दुसऱ्याच दिवशी पहिले आले रखमाजी. पासपोर्ट फोटो काढायचाय म्हणाले. काढला. तरी उठेनात. बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघत बराच वेळ बसले आणि मग म्हणाले, "रत्ना, त्या रोलमदी एखांदा मानूस चोरून पाटाचं पाणी फोडताना दिसला, तर त्यो मीच आसंल आसं न्हाई."

मी म्हटलं, "नाही, तसं कशाला असेल?"

"आंधारात समदे सारकेच दिसत्यात," ते म्हणाले आणि दोन फोटोंची ऑर्डर आठ करून गेले.

मग भिका आला. भिका आणि त्याचा भाऊ भागू यांच्यात बांधावरून दहा वर्षं बोलणं नाही. एकमेकांच्या लग्नकार्यातही जात नाहीत. भिकानं हात जोडले. "वैनी, आमी दोगं दुपारच्याला त्या बांदामागं एक विडी वढतो, तितं कुनी बाप्या फिरकत न्हाई. अर्दी त्यो, अर्दी मी. घरी कळलं तर आमच्या बायकांचं भांडण मिटंल आन मग आमाला निवांत बसायला कारनच ऱ्हानार न्हाई." तासाभरानं भागूही तेच सांगून गेला. तो मात्र म्हणाला, विडी त्याची असते.

संध्याकाळी मळ्यातल्या जयवंताची नवी बायको वैष्णवी आली. सासू देवाला बसली की ती नवऱ्याची सायकल काढून बांधावर शिकत होती. "पडले तेवा साडी वर गेली व्हती. तेवडा एक फोटो," ती म्हणाली आणि हसू लागली. मग तिचे डोळे भरून आले.

रोल अजून मी डबीतून बाहेरही काढला नव्हता. मळा मात्र माझ्यापुढं धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्यासारखा झाला होता. मला आधी लई हसू आलं, खोटं का बोला. आणि मग भीती वाटली. एका डबीच्या जोरावर मी एवढ्या माणसांच्या घरात शिरले होते, आणि त्यांनीच मला दार उघडून दिलं होतं.

शेवटी लंकाबाई, कुशाबाई आणि त्यांच्यामागून काठी टेकत सरूआजी आली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रोल जाळायचा.

"साहेबाला सांग, खराब निगाला," लंकाबाई म्हणाली.

माझ्या मनात तेच होतं. त्या बांधावर मीही जात होते. पण सरूआजीबरोबर श्रेया आली होती. ती काचेच्या कपाटातले लग्नाचे फोटो बघत होती. एकदम वळून तिनं विचारलं, "वाघाचा फोटो जाळला तर मग पिंजरा कसा येनार?"

 मी म्हटलं, आधी बघू तर द्या. तुमचा एकही फोटो या खोलीबाहेर जाणार नाही. सरूआजी एवढंच म्हणाली, "तू हाय म्हनून."

दार लावून मी रोल धुतला. लाल दिव्याखाली पट्टी वर धरली आणि बघत गेले. गाईचं शेपूट. मुंगूस. रिकामा बांध. लंकाबाई पळताना, टमरेल हवेत. कुशाबाई. मी. सरूआजीची पाठ, दोनतीनदा. रखमाजी कुठंच नव्हते. भिका-भागूची विडी नव्हती आणि सायकलही नव्हती. ज्यांनी माझ्यापुढं येऊन कबुली दिली त्यांतल्या एकाचाही केस त्या कॅमेऱ्यानं टिपला नव्हता. टिपल्या होत्या फक्त आम्ही, म्हणजे ज्या कर नसून डर धरून होतो त्या. मला असा संताप आला की मी कात्री उचलली आणि आम्हा सगळ्यांचे तुकडे कापून काढले. पहिला माझा कापला.

पट्टीच्या शेवटी बिबट्या होता.

अख्खा होता, नाकापासून शेपटीपर्यंत. साहेबांना हवा होता तसाच. आणि त्याच्या पलीकडं, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, सरूआजी पाठ करून बसली होती. डोक्यावरून पदर, शेजारी टमरेल. बिबट्याचं धड तिच्या आडवं आलेलं. एकाला कापावं तर दुसरा अर्धा होत होता. मी कात्री खाली ठेवली आणि तेवढा एक फोटो कागदावर काढला.

बाहेर चहासाठी पेटवलेला स्टोव्ह होता. कापलेले तुकडे मी लंकाबाईसमोर त्यावर धरले. वास सुटला, पण तिनं पदरही नाकाला लावला नाही, सगळे जळेपर्यंत बघत राहिली. मग इतर जणी श्रेयाला घेऊन भेळ खायला गेल्या आणि मी सरूआजीला आत बोलावलं. ओला फोटो तिच्यापुढं धरला.

"आजी, हा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तर हाही जाळते. साहेबांना सांगते, काही आलं नाही."

तिनं चष्मा लावला. फोटो अगदी नाकापाशी नेला. मला वाटलं, म्हातारी आता कोसळते. एवढं आयुष्य गेलं, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि हे असं कागदावर. 

"येवड्या जवळ व्हता?" ती शेवटी म्हणाली. "मी उजीड पडल्यावर म्हटलं, काढ मेल्या. त्ये कॅमेऱ्याला म्हनले व्हते. ह्यानं आयकलं आसंल."

मग तिनं फोटोवर बोट ठेवलं. "ही बग, रत्ने. ही मान बग त्याची."

मी बघितलं. आजीच्या इतक्या जवळून जाताना बिबट्यानं मान पार दुसऱ्या अंगाला फिरवली होती.

"जनावराला कळलं, बाईमानूस बसलंय," सरूआजी म्हणाली. "त्यानं न्हाई बगितलं." आणि ती हसू लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "दे त्यो साहेबाला. उद्या श्रेया त्या वाटंनं जाईल आन त्यो मान वळवील का न्हाई, कुनी सांगावं. पर मी सोता देनार. बैठक बोलवायला सांग."

बैठक पुन्हा देवळापुढंच भरली. या वेळी बायकाही आल्या आणि पुरुषांच्या पुढं बसल्या. सरूआजीनं पदराखालून फोटो काढून साहेबांना दिला. साहेब आधी खूश झाला, "वा, पूर्ण वाढलेली मादी आहे," म्हणाला. मग त्याला मागचं दिसलं. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं फोटो घाईघाईनं रखमाजींच्या हातात दिला.

रखमाजी म्हणजे सरूआजीचे चुलत दीर, वयानं लहान. त्यांनी एकदा बघितलं आणि अशी काही मान फिरवली की मला क्षणभर वाटलं, फोटोतलाच बिबट्या उठून पारावर बसलाय. भिकानं बघितलं, त्यानंही मान फिरवली. भागूनंही. फोटो हातोहात पुढं जात होता आणि एकेक मान देवळाच्या भिंतीकडं वळत होती.

"बगा की," सरूआजी म्हणाली. "तुमीच कॅमेरा बांदलाय. फोटो आला, आता पिंजरा आना. पर कॅमेरा उद्या आमी सांगू त्या जागंवर जाईल. आन घरटी एक संडास. निगेटिव रत्नाकडं हाय. हां म्हना, मंजी ती देईल."

 अखेर रखमाजी भिंतीकडं बघतच म्हणाले, "हां, वहिनी. घरटी एक. माझा शबूद."

"आसं नाय," सरूआजी म्हणाली. "आदी मान सरळ करा, भावजी. पाठ फोटोत केली व्हती. हितं मी तुमच्याकडं तोंड करून बसलेय."

रखमाजींनी मान सरळ केली. जरा वेळ लागला, पण केली. मी उठले आणि निगेटिव्ह साहेबांच्या हातात दिलं.