सुकतीची वेळ

रॉविनाने यादीतली सगळ्यात वरची ओळ पुन्हा वाचली आणि कपाळाला हात लावला. प्रतवारी विभागाचा संगणक, रोज दुपारी तीन वाजता, एकच वेबसाइट. पुढे सॉफ्टवेअरने स्वतःच शेरा मारला होता: जुगार.

कुडाळ एमआयडीसीतल्या या काजू कारखान्यात ती चार महिन्यांपूर्वी लागली होती आणि इंटरनेटच्या किल्ल्या तिच्याच हाती होत्या. शनिवारपर्यंत कामाव्यतिरिक्त सगळं बंद कर, असं मालक सुशांतशेठनी सांगितलं होतं. जुगाराच्या वाटेला गेलेल्याचं नावही त्यांना हवं होतं. त्याला घरी बसवणार, हे त्यांनी चहात साखर कमी आहे म्हणावं तितक्या सहज सांगितलं होतं. आणि तो संगणक वापरणारी एकटी किशोरी. सोलणीच्या टेबलावर नऊ वर्षं काढल्यावर तिला ती खुर्ची मिळाली होती. रॉविनाचा तिच्यावर जीव होता, तरी ती जिना उतरून खाली गेली.

किशोरीने काहीच लपवलं नाही, सरळ स्क्रीन तिच्याकडे वळवली. वरखाली पत्त्यांच्या जाहिराती नाचत होत्या आणि मध्ये भरती-ओहोटीचं साधं कोष्टक होतं.

"मी खेळाक नाय गो, सुकती बघतंय," ती म्हणाली. "सांजची सुकती असली की आमच्या वालावलच्या बायका सुटल्यावर खाडयेत तिसरे-शिंपले काढूक जातत. टायम कळलो की हात बेगीन चलतत."

टेबलांवरच्या अकरा जणी काजू निवडता निवडता कान देऊन होत्या. रॉविनाला हसू आलं, फार बरंही वाटलं. पण हुकूम तो हुकूम. तिने महिन्याचं कोष्टक छापून हजेरीच्या यंत्राशेजारी चिकटवलं, मग ती वेबसाइट बंद केली आणि अहवालात घडलं ते जसंच्या तसं लिहून दिलं.

शनिवारी शेठनी अहवाल वाचला आणि ते खाली उतरले. रॉविना मागोमाग गेली. किशोरी खुर्चीतून उठली. तिच्या मुठीत चार काजू तसेच राहिले होते.

शेठ हजेरीच्या यंत्राशेजारच्या कागदासमोर उभे राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनी पहिलीच वेळ खोडली.

"ह्यो टायम मालवण बंदराचो," ऑफिसात कायम पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस कागदाकडे बघतच म्हणाला. "आमच्या खाडयेत पाणी तासाभरान सुकता."

"म्हायत आसा, शेठ. मी तास वाढवूनच सांगतंय," किशोरी हळूच म्हणाली.

शेठनी मान डोलावली आणि ते एकेक ओळ सुधारत खाली सरकू लागले. अकरा जणींचे हात थांबले होते. न राहवून रॉविनाने विचारलं, "आणि ते नाव, सर?"

"कोणाचा?" म्हणत शेठनी पुढच्या दिवसाची वेळ खोडली.