तीन नंबरची डिस्क

तपासणीच्या फ्लॉपीने स्पष्ट सांगितलं होतं: डिस्क ३ निकामी. शुभदाने सर्व्हरवरचं ‘३’ लिहिलेलं स्टिकर पाहिलं, खटका दाबून त्या खणातली डिस्क ओढली, आणि सगळे हिरवे दिवे एकदम नारिंगी झाले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. फ्लॉपीवरचा प्रोग्राम शून्यापासून मोजत होता, स्टिकरं एकापासून. शुक्रवारी बंद पडलेली डिस्क शेजारच्या, ‘४’च्या खणात होती. तिने काढली ती चांगली. पाचांतली एक गेली तर उरलेल्या चार तिची जागा भरून काढतात. दोन गेल्या की सगळंच बसतं. घाबरून तिने शेजारचीही ओढली आणि दोन्ही टेबलावर ठेवून फोनकडे धावली.

हे कॅन्सरचं रुग्णालय कानडी मुलखात, येलहंक्याच्या अलीकडे होतं. कागदी कार्डं बंद होऊन वर्ष झालं होतं. कुणाला किती वेळा किरण देऊन झाले, कुठल्या कोनातून, हे आता फक्त त्या पाच डिस्कांवर होतं. टेपवरची प्रत दोन आठवडे वाचता येत नव्हती. दोनशे बारा रोगी. नोंद हरवली तर कुणाची कातडी जास्तीच्या किरणांनी जळणार, कुणाची गाठ ते कमी पडल्याने वाढणार.

बाहेर बाकावर डोक्यावरून पदर घेतलेल्या सोयराबाई पहिल्या नंबरला बसल्या होत्या.

“काय अक्का, अजून स्वल्प वेळ काय? बेळ्ळंदूरहून दोन बस बदलून आलोय बघा.”

“थोडाच, आजी,” शुभदा म्हणाली.

फोनवर तिचा सीनियर अवधूत सगळं ऐकून म्हणाला, “पुण्यात एमएस्सी केलीस ना? शून्य शिकवत नाहीत का तिकडे?”

“अवधूत, प्लीज.”

“ऐक. तू काढलीस ती चांगली. ती परत घाल आणि सेटअपमधून जबरदस्तीने चालू कर. मेलेलीला हात लावू नकोस. तिच्यावर शुक्रवारपर्यंतचंच आहे, ती चालू केलीस तर सगळ्यांत कालवाकालव होईल. एकच संधी आहे.”

ती परत आली तेव्हा टेबल लख्ख होतं. ऑपरेटर रघुपतींनी दोन्ही डिस्का पुसून, स्वच्छ फडक्यावर नीट शेजारी शेजारी मांडल्या होत्या.

“धूळ होती मॅडम,” ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

“यातली डावीकडे कुठली होती?”

रघुपतींनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. त्यांचा चेहरा उतरला.

एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. नंबर खणांवर होते, डिस्कांवर नाहीत. तेवढ्यात शुभदाला सुचलं: मेलेली शुक्रवारपासून फिरलेली नाही. दुसरी दहा मिनिटांपूर्वीपर्यंत फिरत होती.

पण एसीने खोली गारठली होती. तिने तळवे लावले. तळव्यांना घाम होता, काहीच कळेना. मग तापलेल्या मुलाचं अंग पाहावं तशी एकेक डिस्क गालाला लावली. गार. गार. पुन्हा पहिली. डोळे मिटून पुन्हा दुसरी. दुसरीत अगदी आत कुठेतरी ऊब होती. होती, की हवी होती म्हणून वाटत होती? जितका वेळ ती विचार करणार तितकी ती ऊब जाणार होती.

पुन्हा अदलाबदल नको म्हणून तिने कपाळावरची टिकली काढून दुसरीवर चिकटवली, ती डिस्क ‘३’च्या खणात सरकवली आणि सर्व्हर चालू केला. सेटअपने विचारलं, नक्की? तिने Y दाबलं.

चार दिवे हिरवे झाले. याने काहीच सिद्ध होत नव्हतं. चुकीची डिस्कही हिरवाच दिवा दाखवते.

नोंदी उघडायला तीन मिनिटं लागली. तिने सोयराबाईंचं नाव शोधलं आणि पडद्यावरच्या आकड्यावर हात ठेवून दाराकडे हाक मारली, “आजी, तुमचे किरण किती वेळा झाले?”

“काल सतरावं झालं. आज अठरावं. का गं?”

तिने हात बाजूला केला. सतरा, आणि पुढे कालची तारीख. रघुपतींनी पुढची पाच नावं बाहेर विचारली. पाचही जुळली. भिंतीला टेकून शुभदा खाली बसली. उरलेली दोनशे सहा नावं तपासायची होती, आणि रिपोर्टमध्ये स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, चांगली डिस्क कुणी काढली ते.

आत जाता जाता सोयराबाई थांबल्या. “अगो, कपाळ असं उघडं ठेवू नये बघ.”

शुभदाचा हात कपाळाकडे गेला. समोर तिसऱ्या खणात डिस्क गुरगुरत फिरत होती.