अकरा मिनिटं अंधार

रॉकच्या इतिहासात आजच्या तारखेला काय घडलं, हे रेडिओवर रोज सकाळी सांगतात. कुणी स्टेजवर गिटार फोडली, कुणाचा बँड फुटला, असलंच बरंचसं. वर्षातून एकदा त्यात आमचा नंबर लागतो. 'आजच्याच दिवशी भर कार्यक्रमात वीज गेली आणि ड्रम वाजवणारी मुलगी अकरा मिनिटं अंधारात एकटी वाजवत राहिली.' ती मुलगी म्हणजे मी. आता माझे गुडघे दुखतात आणि मी दुकानात बसून लोकांचे फाटके ड्रम दुरुस्त करते. पण त्या सकाळी शेजारच्या दुकानातला चाव्या बनवणारा रेडिओ मोठा करून मला हाक मारतो. मी वैतागल्यासारखं दाखवते. खरं तर आठ दिवस आधीपासून वाट बघत असते.

बँड दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. गाणारा तो, गिटार त्याची, भांडणंही त्याचीच. त्या कार्यक्रमानंतर वर्षभरात वडील अंथरुणाला खिळले. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण हे कुणी विचारलंसुद्धा नाही. बँडची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ड्रमवर दुसराच होता. त्यामुळे माझं वाजवणं जगात एकाच ठिकाणी उरलं. आमच्या साउंडवाल्याने बॅटरीवर चालणाऱ्या टेपवर त्या संध्याकाळी एक कॅसेट भरली होती, तिच्यात.

ती कॅसेट माझ्या कपाटात होती. यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून दादा आला. म्हणाला, "छोटे, कंपनी विशेष रेकॉर्ड काढतेय. टेप स्वच्छ करून घेऊ. सगळं जग तुला ऐकेल." मी रुमालात गुंडाळून ती त्याच्या हातात दिली. पावती कशाला मागू, भाऊ होता.

आणि आज सकाळी आम्ही दोघं रेडिओच्या खोलीत शेजारी शेजारी बसलो होतो. समोर निवेदिका, काचेपलीकडे एक तंत्रज्ञ. तिने जाहीर केलं की ती अकरा मिनिटं आज पहिल्यांदाच लोक ऐकणार आहेत. मग तिने माईक बंद केले आणि ती काचेपलीकडे काही विचारायला गेली. मी हेडफोन कानाला घट्ट दाबला. गर्दीचा गलका आला, मग एकदम सगळं बंद पडल्याचा आवाज, आणि मग ड्रम.

चौथ्या ठोक्यालाच मी करकर शोधायला लागले.

माझं पायाचं पेडल करकरायचं. दर ठोक्याला. दादा त्यावरून रोज बोलायचा आणि मी हट्टाने तेल घालत नसे, कारण त्या करकरीवरच माझा पाय चालायचा. वीज गेली तेव्हा दादा स्टेजच्या अगदी कडेला होता. एक पाऊल चुकलं असतं तर खाली लोखंडी कठड्यावर आपटला असता. त्या करकरीच्या दिशेने तो रांगत माझ्यापर्यंत आला आणि ओरडला, "छोटे, थांबू नकोस. मी इथेच आहे." पुढे माझी डावी काठी मोडली. उरलेला वेळ मी तळहाताने वाजवलं.

हेडफोनमध्ये करकर नव्हती. काठी मोडली नाही. ठोके घड्याळासारखे पडत होते. आणि मधेच, लख्ख, दादाचा आवाज आला. "छोटे, थांबू नकोस. मी इथेच आहे." तो तेवढा ठेवला होता.

"हे मी नाही," मी म्हटलं.

दादाने टेबलावरून नजर उचलली नाही.

"कोण वाजवतंय, दादा?"

"टेपमध्ये खरखर फार होती गं. कंपनी म्हणाली, ड्रम पुन्हा वाजवून घेऊ. आपल्या आत्ताच्या ड्रमरने वाजवलं. अगदी तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं? त्याने पेडलला तेल घातलंय."

"लोकांना नाही कळत."

"आणि मला?"

"मला वाटलं, तुलाही नाही कळणार," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं झाली."

परक्याने केलं असतं तर मी खोली डोक्यावर घेतली असती. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असाच कापत असणार, शेजारच्या खुर्चीत बसून, गोड बोलून. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. माझा हात मला ओळखू येणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

"कॅसेट कुठाय?"

त्याने घसा खाकरला. "त्यांच्याकडे सापडत नाहीये. जुन्या सामानाबरोबर गेली बहुतेक."

कानात तो परका माणूस सुरेख वाजवत होता.

"हे बघ," दादा घाईने म्हणाला, "पुढच्या महिन्यात दौरा आहे. सगळं या अकरा मिनिटांवर उभं आहे. ती विचारेल कसं वाटलं. छान वाटलं म्हण. माझ्यासाठी एवढं कर."

आजवर मी त्याच्यासाठी दुसरं केलंय काय?

निवेदिका परत येऊन बसली. लाल दिवा लागला. तिचा आवाज भरून आला होता, बिचारी मनापासून ऐकत होती. "पंचवीस वर्षांनी स्वतःचं वाजवणं ऐकताना कसं वाटलं?"

"छान वाजवलंय," मी म्हटलं. दादाने श्वास सोडलेला मला ऐकू आला. "मला दादाला एक विचारायचंय. दादा, मधे तुझा आवाज आला. थांबू नकोस, मी इथेच आहे. ते कुणाला म्हणालास?"

आयुष्यात कधी गाण्याचा एक शब्द न विसरलेला माणूस तोंड उघडून बसला. काचेपलीकडचा तंत्रज्ञ हात हलवून बोला, बोला म्हणत होता. टेबलाखाली माझा पाय सवयीने ठेका धरून होता.

"तुला," दादा शेवटी म्हणाला.

"मग मी कुठे आहे यात?"

त्याने मान खाली घातली. निवेदिका गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे?" तिने विचारलं.

मी माईक जवळ ओढला आणि पेडलच्या करकरीपासून सांगायला सुरुवात केली.