माशाच्या पोटातला पत्ता

पायपर लेकवरचा बर्फ वितळून आठवडाही झाला नव्हता, तोच हार्वी आपल्या भावजयीची, आर्डिथची, होडी मागायला हजर झाला. तिचा नवरा एल्डन जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

"अगं, नुसती पालथी पडून राहणार ती," हार्वी म्हणाला. "मी निदान वापरीन तरी."

"मीच वापरणार आहे."

हार्वी हसला. हसण्यासारखंच होतं म्हणा. त्या किनाऱ्यावर मासे धरायचे पुरुषांनी आणि साफ करायचे बायकांनी, हे इतकं मुरलेलं होतं की कधीकाळी कुणी ते ठरवलं असेल असंही वाटत नसे. चाळीस वर्षं मासे साफ करणाऱ्या आर्डिथने गळाची काठी एकदाही हातात घेतली नव्हती. आणि मेच्या पहिल्या शनिवारी हॉलमध्ये सगळ्या कॉटेजवाल्यांचं जेवण असे. प्रत्येक घराने स्वतः धरलेल्या माशांचा तवा आणायचा. एल्डनचा तवा कधी चुकला नव्हता.

"येत्या शनिवारी माझा तवा टेबलावर नसला तर होडी घेऊन जा," ती म्हणून बसली. "मोटरसकट."

"मोटरसकट?" हार्वीने लगेच हात पुढे केला आणि तिनेही तो कचकचून दाबला. शब्द मागे घेणाऱ्यांतली ती नव्हती.

सोमवार ते बुधवार ती एल्डनसारखीच उजाडता उजाडता निघाली. खडकाच्या टोकापाशी, खोल पाण्यात, गळाला जिवंत छोटा मासा लावून बसली. बोटं गारठून बधिर झाली. तीन दिवसांत एकही मासा गळाला लागला नाही. हार्वी मात्र रोज बादली भरून येई. कुठून, ते कुणाला सांगत नसे. निघताना मुद्दाम दक्षिणेकडे होडी हाके, बेटाला वळसा घाले आणि मग कुठे गडप होई देव जाणे. बायकोलासुद्धा त्याने जागा सांगितलेली नव्हती.

मासे साफ करायची मोठी फळी आणि नळ आर्डिथच्या घरामागे होता. बुधवारी संध्याकाळी हार्वीने नेहमीसारखी बादली तिथे आणून ओतली. "हात चालू ठेव गं, सवय मोडायला नको," म्हणत तो बिअर प्यायला निघून गेला. आर्डिथला असा संताप आला की सुरी तळ्यात भिरकावून द्यावी. पण हार्वीची बायको मॅविस मुकाट्याने खवले काढायला लागलीसुद्धा होती, म्हणून तिनेही सुरी उचलली.

तिसऱ्या क्रॅपी माशाशी तिचा हात थांबला. आतडी ती एरवी न बघता टोपलीत टाकत असे. आज तिने पोटाची पिशवीच चिरली. आत दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या लाल अळ्या होत्या, काळ्या गाळात लडबडलेल्या. छोटा मासा एकही नाही.

"काय बघतेस?" मॅविसने विचारलं.

"कुठे जेवून आलेत ते."

तिने आणखी चार पिशव्या चिरल्या. सगळीकडे तेच. असा मऊ काळा गाळ अख्ख्या तळ्यात एकाच ठिकाणी होता: उत्तरेच्या उथळ कोपऱ्यात, लव्हाळ्यांमध्ये. डासांमुळे तिकडे कुणी फिरकत नसे. पण तिथे दिवसभर ऊन. म्हणजे गाळ आधी तापणार, अळ्या तिथे हलणार, आणि मासे दुपारी येणार. पहाटे नाहीच! जागा लपवायला हा शहाणा बेटाला वळसे घालत होता आणि पत्ता स्वतःच्या हाताने घरपोच आणून देत होता.

मॅविसने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा आर्डिथकडे. "मी काही बघितलं नाही हं," ती म्हणाली आणि पुढचा मासा ओढला.

गुरुवारी गारांचा पाऊस लागला. आर्डिथ तरीही गेली, भिजली, रिकामी परतली. आता एकच दिवस उरला होता.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. एक वाजता तिने लव्हाळ्यांत होडी लावली. सगळ्यात बारीक गळाला हातमोज्यातून ओढलेला लाल लोकरीचा धागा बांधला आणि तळाशी सोडला. दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं बोंड तासभर ढिम्म हललं नाही. ती चिडून बोंडाकडे बघत राहिली, आणि हातांखालून गेलेली माशांची हजारो डोकी तिला आठवली. क्रॅपीचे डोळे वर, तोंडही वरच उघडणारं. ते खाली बघून कशाला खातील? गाळातून वर येणाऱ्या अळ्याच टिपत असणार. तिने दोरी आखडून धागा हातभर वर घेतला.

बोंड बुडालं. तिने हिसका दिला आणि मासा सुटला. क्रॅपीचे ओठ कागदासारखे फाटतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पुढच्या वेळी तिने सावकाश ओढलं. होडीत रुपेरी मासा तडफडायला लागला तेव्हा तिला रडू आलं, आणि रडता रडता एल्डनचा भयंकर राग आला. हा आनंद हा माणूस चाळीस वर्षं एकटा खात होता!

उन्हं उतरेपर्यंत तिने चौदा मासे धरले.

शनिवारी तिचा तवा टेबलाच्या मधोमध होता. हार्वीने एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. "होडी तुझी," तो म्हणाला. मग न राहवून, "कुठे मिळाले गं?"

"पाण्यात."

सगळा हॉल हसला. आर्डिथ मॅविसकडे वळली. "सोमवारी एक वाजता धक्क्यावर ये. लांब बूट घाल."

"मी?" मॅविसने सवयीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. "आणि ह्याची बादली कोण साफ करणार?"

"दोन हात आहेत त्याला."

हार्वी काहीतरी म्हणायला गेला, पण मॅविस आता त्याच्याकडे बघतच नव्हती. तिने बशी बाजूला सारली.

"काठी कशी धरायची ते दाखवावं लागेल मला," ती म्हणाली. "आजवर कुणी विचारलंच नाही, येतेस का म्हणून."