जगन्नाथ हयात आहे

संगणकावरचा शेरा वाचून राजश्रीचं डोकंच फिरलं. ‘राँग नंबर. जगन्नाथ जिवंत आहे, फोन त्यानेच उचलला.’ झालं, फाइल बंद!

कुवेतच्या न्यायवैद्यक खात्यात ती सीनियर डेटा अ‍ॅनालिस्ट होती. मृतांच्या नोंदींतली न जुळणारी नावं जुळवणं हेच तिचं काम. खैरानच्या रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या या माणसाच्या तुटक्या बिल्ल्यावर नावाचा शेवटचा शब्द तेवढा उरला होता, ‘जगन्नाथ’. त्याच्या मोबाईलमधला शेवटचा नंबर गावाकडचा निघाला आणि खात्यातल्या लखनौकडच्या कारकुनानं तिथं फोन करून हात झटकले होते.

पण उरलेला शब्द त्या माणसाचा होता, की त्याच्या बापाचा? मनात पाल चुकचुकली. तिनं स्वतःच नंबर लावला आणि जगन्नाथ कोण, ते विचारलं.

“अहो बाई, कालही एकानं मला मेलेला ठरवलं!” पलीकडचे म्हातारे खो-खो हसले. “मीच जगन्नाथ. चांगला ठणठणीत आहे!”

राजश्रीनं बिल्ल्याचा फोटो समोर ओढला. “काका, कुवेतला तुमचं कुणी असतं?”

“असतो की, थोरला शैलेश. कालपासून फोन उचलत नाही, नाहीतर त्यालाच सांगितलं असतं, त्या लोकांना चांगलं झाप म्हणून.”

“ते... नाव कसं लिहितात?”

“शैलेश जगन्नाथ.” म्हाताऱ्यांचा आवाज अभिमानानं फुलला. “आडनाव खुशाल गाळतो, पण बापाचं नाव कधी नाही.”