दारातली सुरंगी

वैशाख सरत आला होता. आकाश तापल्या तांब्याचे होते, धरणी भाजल्या विटेची होती, आणि दोहोंच्या मध्ये एकही पान न हलवता उभी होती ती निःशब्द, निर्वात, उष्णगंधी सकाळ.

डोंगराच्या कुशीतून पायरी-पायरीने उतरत गेलेली पालवांची बाग. वर जांभ्या चिऱ्यांचे कौलारू घर, खाली आटलेल्या व्हाळाची, ओढ्याची, पांढरी, गोटेरी वाट. मधल्या उतारावर माड, पोफळी, काजू, आंबा. धूलिधूसर, मौनधारी, आभाळाकडे तोंड करून थांबलेले.

पावसाला अजून पंधरवडा होता. घरोघरी बेगमी चालली होती. माडाची वाळकी चुडते खोपीत गेली होती, नारळावरची काथ्याळ सोडणे पोत्यांत भरली होती, करवंट्यांची चळत चुलीमागे लागली होती. उरली होती ती जाड लाकडे. ओल्या, अंधारलेल्या, चिंब दिवसांत चार महिने धगधगत राहतील अशी सुकी, सणसणीत लाकडे. त्यासाठी घरामागचा ऐनाचा वृक्ष पाडायचे ठरले होते. दोन वर्षांपूर्वी वीज पडून तो उभ्याउभ्या वाळला होता. पान नाही, साल नाही, नुसता करडा सांगाडा. लवू गावडे आपला लाकूड कापायचा कटर खांद्यावर टाकून सकाळीच आला होता, आणि जयवंतीने त्याला चहा देऊन सांगितले होते, बापू दाखवतील.

बापू म्हणजे तिचा नवरा, सगुण पालव. सबंध पंचक्रोशीत कलमे बांधणारा एकच हात होता, तो त्यांचा. काजूची फांदी काजूला, आंब्याची आंब्याला. एक सपाट छेद, एक तिरका छेद, वर पट्टी, आणि दोन झाडांचे एक झाड होऊन जाई. नुसत्या सालीवर बोट फिरवून ते झाडाचे नाव सांगत. पान चावून ते झाडाचे वय सांगत. झाडाच्या बाबतीत बापूंचा शब्द गावात कोणी दुसऱ्यांदा विचारून घेत नसे.

जयवंती व्हाळाच्या काठावरच्या तुकड्यात आळी घालत होती. साठी उलटलेली, सडपातळ, काटक बाई. पदर कमरेला, कुदळ हातात. काकडीची तीन आळी, दोडक्याची दोन, पडवळाचे एक, पडवळ बापूंना आवडे म्हणून जरा मोठे. ती माती उलथीत होती, ढेकळे फोडीत होती, कुजके शेण कालवीत होती. आणि उन्हाने कोमट झालेली ती काळी, भुसभुशीत माती तिच्या बोटांतून पिठासारखी झरत होती.

वरून कटरचा आवाज आला. घर्र घर्र करीत तो डोंगरावरून घरंगळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. ती आपल्याशीच म्हणाली, लागला लवू ऐनाला. आणि तिने पुढच्या ढेकळावर कुदळ मारली.

मग झाड पडले.

वाळके झाड पडते तेव्हा काय ऐकू येते, ते तिला ठाऊक होते. हाड मोडल्यासारखा एक कोरडा कडाका, आणि मागोमाग एक बद्द आवाज. तेवढेच. पण हे तसे नव्हते. हे पडणे लांबले. ते सळसळत आले, झेपावत आले, सहस्र पर्णांचा एकच उसासा टाकीत आले. फांद्या फांद्यांवर रेलल्या, पाने पानांवर कोसळली, आणि जमिनीला टेकल्यावरही कितीतरी वेळ ती हिरवी कुजबुज थांबेचना.

जयवंतीच्या हातातली कुदळ हातातच राहिली. हिरवे झाड पडले होते.

ती चढण चढली ती कशी, तिला कळले नाही. पोफळींमधून, पायऱ्यांवरून, घसरत, धापत ती घराच्या कडेला आली, आणि वळसा घालून अंगणात पाऊल टाकते तोच तिचे डोळे दिपले.

अंगणात ऊन होते. गेली तीस वर्षे ज्या अंगणात ऊन कधी सबंध उतरले नव्हते, जिथे ते नेहमी गाळून, चाळून, नाण्यानाण्यांनी सांडत असे, तिथे ते आता थेट, नागवे, पांढरेफटक पसरले होते. घराची भिंत अनोळखी दिसत होती. ओटी उघडी पडल्यासारखी दिसत होती. आणि त्या उन्हात, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कृष्णहरित, घनपर्णी, अजून जिवंत, आडवी झाली होती सुरंगी.

जयवंतीने हात वर केला, जिथे झाड होते तिथे, आणि तो हात हवेतच राहिला, कारण तिथे टेकायला काही नव्हते.

ती सुरंगी बापूंनी लावली होती. लग्नाच्या वर्षी, ती नवी नवरी असताना, वेतोऱ्याच्या जत्रेत तिने एका बाईच्या अंबाड्यावर सुरंगीच्या कळ्यांचा गजरा, वळेसर, पाहिला होता आणि मागे वळून पुन्हा पाहिला होता. ती काही बोलली नव्हती. बापूही काही बोलले नव्हते. पण त्या पावसात त्यांनी रानातून रोप आणले, आणि फुलणाऱ्या झाडाची काडी आणून त्यावर कलम बांधले. ते मेले. दुसरे बांधले, तेही मेले. तिसरे जगले. नऊ वर्षांनी पहिला बहर आला. केशरी-पिवळ्या, इवल्या, गोल कळ्या, थेट फांदीच्या सालीतून फुटलेल्या, गंधाने भरभरून उकलणाऱ्या. त्या पहाटे बापूंनी दोराही स्वतःच ओवला होता. कलमे बांधणाऱ्या हातांनी बांधलेला तो पहिला वळेसर किती ओबडधोबड होता.

लवू बुंध्याशी उभा होता. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि त्याच्या हातातला कटर आपोआप खाली गेला.

“वयनी,” तो म्हणाला, “बापूंनी सांगल्यानी.”

ती बुंध्यापाशी आली.

“मी दोनदा इचारलंय. म्हटलंय, बापू, ह्यां तर हिरवा आसा. तर म्हणाले, ह्योच तो वाळको ऐन, घाल खाली. माझो हात धरून हंय आणल्यानी, बुंध्यार हात ठेवल्यानी. झाडातला बापूंका कळता. माका काय कळता?”

बुंध्यावर हात ठेवून. सालीवर बोटे ठेवून. या झाडाला, त्यांनीच छेद दिलेल्या, पट्टी बांधलेल्या, नऊ वर्षे वाट पाहिलेल्या या झाडाला ते ऐन म्हणाले होते.

तेव्हा जयवंतीला दुसऱ्यांदा धक्का बसला. आणि हा पहिल्यासारखा नव्हता. पहिला डोळ्यांवर आला होता, उन्हासारखा. हा आतून आला, विहिरीच्या तळातून यावा तसा, थंड, काळा, संथ, वर वर चढत.

फाल्गुनात बापूंनी एकाच सकाळी दोनदा आंघोळ केली होती. ती हसली होती. चैत्रात ते आपल्याच पाणंदीत वाट चुकले होते. ती म्हणाली होती, ऊन लागले. गेल्या आठवड्यात त्यांनी तिला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. आणि कामाच्या घाईत तिने ओ दिली होती. तिन्ही दिवस आता तिच्यापुढे ओळीने उभे राहिले, आणि त्यांच्या शेवटी ही, मूळ असून छत्र नसलेली, पडलेली सुरंगी.

“तुझी चूक नाय,” ती लवूला म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला. “बापू खंय?”

“आत गेले. कोयती पाजवतंय म्हणाले.”

आतून सहाणेवर लोखंड घासल्याचा आवाज येतही होता. सर्र, सर्र. शांत, सवयीचा, नेमका. मग तो थांबला. आणि बापू ओटीवर आले.

उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे बापू. हातात कोयती, ओठांवर काही गुणगुणणे. ते पायरी उतरले, आणि त्यांच्याही डोळ्यांवर ते ऊन आले. त्यांनी कपाळावर हात धरला. त्यांनी वर पाहिले, जिथे नेहमी पाहत तिथे. मग हळूहळू, फार हळूहळू, खाली पाहिले.

कोयती गळून पडली. ते त्या पानांपाशी बसले, नव्हे, कोसळले, आणि त्यांनी एक फांदी दोन्ही हातांत घेतली, मूल उचलावे तशी.

“सुरंग,” ते म्हणाले. “गो, ही सुरंग कोणी तोडल्यान?”

लवूने तोंड उघडले. जयवंतीने ते पाहिले. एका क्षणात, कुदळीचा घाव पडावा तेवढ्या क्षणात, तिला पुढचे सगळे दिसले: लवूचे उत्तर, बापूंचा चेहरा, आणि त्यानंतर कधीही पुन्हा स्वतःवर विश्वास न ठेवू शकणारे ते हात.

“मी,” ती म्हणाली. “मी तोडूक सांगलंय.”

बापूंनी मान वर केली.

“मुळां न्हाणयेच्या भिंतीत शिरली होती. पावसात भिंत कोसळली असती.”

न्हाणीच्या भिंतीला साधी चीरही नव्हती. ती त्यांच्या पाठीमागे, उन्हात, धड उभी होती. पण बापूंनी भिंतीकडे पाहिले नाही. त्यांनी जयवंतीकडे पाहिले, आणि चाळीस वर्षांत कधी पाहिले नव्हते असे पाहिले. रागाने नव्हे, परक्याकडे पाहावे तसे.

“माका एकदा इचारलंस नाय?” ते म्हणाले.

ती उभी राहिली, आणि तिने त्यांचा तो प्रश्न अंगावर घेतला, जसे अंगण ते ऊन घेत होते. सबंध, उघड्यावर, आडोशाशिवाय.

दुपारी ते जेवायला उठले नाहीत. तिने ताट ओटीवर ठेवले, तिथेच राहिले. लवूने घरामागचा खरा ऐन पाडला. कोरडा कडाका, बद्द आवाज, तेवढेच. त्याच्या ढलप्या काढून तो खोपीत रचीत होता, आणि जयवंती चळत सरळ करीत होती. काम थांबवून चालणार नव्हते. आभाळ कोणासाठी थांबत नाही.

“तुमी खोटां कित्याक बोललास?” लवूने हळूच विचारले.

जयवंतीने एक ढलपी उचलली, फिरवली, बरोबर बसेल अशी ठेवली.

“आपल्याच हातान तोडूक लावला, ह्यां तेंका कळूक नको,” ती म्हणाली. “माझ्यार रागवांदेत. रागावलेला माणूस धड असता.”

ती परत चळतीकडे वळली.

उन्हे कलली. सावल्या लांबल्या, पण अंगणात सुरंगीची सावली आली नाही. तिच्या जागी नुसता पिवळा, पोकळ प्रकाश भरून राहिला. जयवंती ओटीशी आली तेव्हा बापू त्या आडव्या झाडाच्या शेंड्यापाशी बसले होते. त्यांनी काड्या निवडल्या होत्या. बोटभर जाडीच्या, ताज्या, कोंबांचे डोळे फुगलेल्या काड्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, एका रांगेत मांडलेल्या. समोर झाडाखाली उगवलेली रोपे पिशव्यांत काढून ठेवली होती. आणि हातात तो छोटा, धारदार, कलमाचा चाकू.

सपाट छेद. तिरका छेद. काडी रोपात बसली, जणू तिथेच जन्मली होती. हात थरथरले नाहीत, चुकले नाहीत, क्षणभर अडखळले नाहीत. ते हात सगळे जाणत होते.

“ह्यां धर,” ते मान वर न करता म्हणाले.

ती शेजारी बसली. तिने सांधा धरला.

“बेतान. दाबू नको.”

तिने बोटे सैल केली. ते पट्टी गुंडाळू लागले, वेढ्यावर वेढा, वेढ्यावर वेढा. त्यांची करंगळी तिच्या अंगठ्याला लागून जात होती, येत होती. एक कलम झाले. दुसरे झाले. तिसरे, चौथे. आणि तिच्या छातीवरचे काहीतरी किंचित, कणभर, काडीभर हलके होत होते. तिला वाटले, राग निवला. तिला वाटले, एवढे तरी झाले.

चौथी गाठ मारून बापूंनी पाठ ताठ केली. मान वळवली. अंगणावरून, भिंतीवरून, उघड्या आभाळावरून त्यांची नजर फिरली, आणि बुंध्यावर येऊन थांबली. जयवंतीने पाहिले: तेच डोळे, तेच विस्फारणे, सकाळचा तोच घाव, नवा, कोरा, पहिल्यांदाच बसत असलेला. त्यांच्या हातातून चाकू निसटला.

“गो,” ते म्हणाले, “ही सुरंग कोणी तोडल्यान?”

राग निवला नव्हता. राग राहिलाच नव्हता. तो दिवस, ते ऊन, तिचे खोटे, त्यांचा प्रश्न, सगळे कुठेतरी विरून गेले होते. आणि तिच्यासमोर बसले होते पुन्हा तेच पहिले वाक्य, तितकेच ओले, तितकेच उघडे. उद्याही ते असेल. परवाही असेल. पावसात असेल, पावसानंतर असेल. रोज एकदा हे झाड पडेल, आणि रोज एकदा तिला त्याच्याखाली उभे राहावे लागेल.

जयवंतीने त्यांचा हात हातात घेतला. मातीने भरलेला, चिकाने चिकटलेला, काही न विसरलेला तो हात.

“मी,” ती म्हणाली. “मी तोडूक सांगलंय.”

पलीकडे, अंगणाच्या कडेला, नुकताच कापलेला बुंधा सांजप्रकाशात ओलसर चमकत होता. खाली, खोल, काळोख्या मातीत मुळांना कोणी काही सांगितले नव्हते. ती आपली पाणी शोधत होती, पाणी उचलत होती, वर पाठवत होती. आणि वर्तुळा-वर्तुळातून, थेंबा-थेंबाने, ते पाणी वर येत होते, नसलेल्या फांद्यांसाठी, नसलेल्या पानांसाठी, नसलेल्या फुलांसाठी.